शेवटच्या ट्रामची रात्र

वाचकहो, दिवाळी अंक म्हटला की संपादकांचा हात जरा सैल होतो. एरवी या सदराला पाऊण पान मिळते आणि ऐन वेळी एखादी केशतेलाची जाहिरात आली की माझ्या मजकुराची शेपटी छाटली जाते. या खेपेस मात्र ‘हवे तेवढे लिहा’ असा निरोप आला. निरोप आला त्याच दिवशी ठाण्याच्या एका भगिनींचे पत्रही आले. पत्र म्हणजे आता काय, मुलाच्या फोनवर उमटलेली अक्षरे. पण मजकूर अगदी निळ्या अंतर्देशीय पत्रात शोभण्यासारखा होता.

त्या लिहितात : ‘माझा मुलगा एकतीस वर्षांचा, सून अठ्ठावीसची. चार महिन्यांपूर्वी नातू झाला. दोघेही शिकलेली, मिळवती. पण घरात तीन मुले आहेत असे मला वाटते. रात्री बाळाचे दुपटे कुणी बदलले, किती वाजता कोण उठले, याची यादी दोघे फोनमध्ये ठेवतात आणि रविवारी त्या यादीवरून भांडतात. ही दोघे मोठी कधी व्हायची?’

पत्र वाचून मला हसू आले. बाईंच्या काळजीला नव्हे, यादीला. बाईंना वाटते की ही फोनची करणी आहे. त्यांना कसे सांगावे की अशा यादीला फोन लागत नाही, चार आण्यांची वही पुरते! तशी एक वही मी पाहिली आहे, आणि तिची गोष्ट मी आजवर कुणालाही सांगितलेली नाही. न सांगण्याचे कारण गोष्टीत येईलच.

आम्ही तेव्हा दादरला, टी.टी.पासून पाच मिनिटांवर एका तीन मजली चाळीत राहत होतो. टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षे उलटली, चौकाला खोदादादांचे नाव आहे, तरी आजही ‘दादर टी.टी.’ म्हटले की टॅक्सीवाला बरोबर तिथेच नेऊन सोडतो. चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर अकरा नंबरची खोली आमची आणि बारा नंबरची त्यांची. ‘त्यांची’ म्हणजे दादाची आणि वहिनीची. नात्याचे कुणी नव्हते; पण चाळीत नाते लावल्यावाचून हाक मारायची पद्धत नव्हती. मला सगळे बेबी म्हणत. त्या वेळी मी तेरा वर्षांची होते आणि बेबी म्हटल्याचा मला राग येई.

दादा चोवीस वर्षांचा, फोर्टातल्या एका कचेरीत कारकून. वहिनी सांगलीकडची, एकोणीस वर्षांची, मॅट्रिक झालेली. १९६२ च्या उन्हाळ्यात लग्न झाले, १९६३ च्या ऑगस्टमध्ये माहेरी मुलगा झाला आणि डिसेंबरात ती बाळाला घेऊन चाळीत परत आली. बाळाचे पाळण्यातले नाव चांगले लांबलचक होते, पण सगळे त्याला बाळू म्हणत. सासूबाई पुण्याला थोरल्या मुलाकडे असत. म्हणजे बारा नंबरच्या खोलीत वडीलधारे असे कुणीच नव्हते, आणि ते पावलोपावली कळत असे.

दादाला कॅरमचे वेड. जिन्याच्या वर जो चौक होता तिथे विजेच्या दिव्याखाली रात्री साडेअकरापर्यंत सोंगट्यांचा आवाज चाले. एकदा बाळूला अंघोळ घातल्यावर अंगाला लावायची पावडर सापडेना, तर हा गृहस्थ कॅरमच्या बोर्डावरची बोरिक पावडर घेऊन धावला. कोपऱ्यातल्या खोलीतल्या आजींनी पाहिले म्हणून निभावले. वहिनीचे वेड कादंबऱ्यांचे. पुस्तक हाती लागले की पोळी तव्यावर काळी व्हायची. दोघे भांडत तेव्हा सगळा मजला ऐके. आणि अर्ध्या तासाने दोघे एकाच पुड्यातली भेळ खात गॅलरीत उभी असत तेही सगळा मजला पाही. बाळू हा त्या दोघांच्या हाती आलेला एक नवा खेळ होता. खेळ म्हणून दोघांना तो फार आवडे. रडू लागला म्हणजे मात्र तो कुणाचा, हा प्रश्न निघे.

या प्रश्नासाठी वही निघाली. कल्पना वहिनीची. उभ्या रेघा मारून तिने तीन रकाने पाडले : पहाटेचे दूध, रात्रीचे उठणे, दुपटी. ज्याने काम केले त्याने आपली खूण करायची. दादाची फुली, वहिनीचे टिंब. रविवारी बेरीज. ज्याची खूण कमी भरेल त्याने भेळ द्यायची. चाळीतल्या बायकांनी या वहीची भरपूर टिंगल केली. पुरुषाने सार्वजनिक नळावर दुपटी धुवायची हे १९६४ साली दादरच्या चाळीतसुद्धा कुणी पाहिलेले नव्हते. ‘बाईलवेडा’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो दादाबद्दल. मला विचाराल तर वहीत वाईट असे काहीच नव्हते. बायकोच्या हातची कामे मोजली जावीत, एवढे तरी त्या वहीने मान्य केले होते. घोटाळा पुढे व्हायचा. कामे मोजता मोजता दोघे एकमेकांच्या चुकाही मोजू लागली.

दुधाचा रकाना सगळ्यांत कठीण. त्या काळी मुंबईच्या घरात दूध यायचे ते आरेच्या केंद्रावरून. गोरेगावची आरे दूध वसाहत १९४९ पासूनची. तिथल्या दुधाच्या बाटल्या भल्या पहाटे नाक्यानाक्यावरच्या केंद्रांवर येऊन पडत. कार्ड असल्याशिवाय दूध नाही, आणि कार्डावर लिहिले असेल त्याहून थेंब जास्त नाही. रिकाम्या बाटल्या द्यायच्या, भरलेल्या घ्यायच्या. रांग पाचच्या आधीच लागे. केंद्रावर बसणारी बहुतेक मुले-मुली कॉलेजात शिकणारी असत, त्यामुळे दादाला एकदा ‘काका, पुढे सरका’ ऐकावे लागले आणि त्या दिवशी तो फार खिन्न होता.

जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध कसोटी चालली होती. बापू नाडकर्णींनी ओळीने एकवीस षटके निर्धाव टाकली ती हीच कसोटी. रविवार होता. दादा शेजारच्या रेडिओपाशी कान लावून बसला होता, आत बाळू रडत होता आणि दुपट्यांच्या रकान्यात दादाची फुली यायची होती. वहिनी दारात आली आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बावीसाव्या षटकात तरी त्यांनी धाव दिली म्हणायची. तुम्ही काही आज जागचे हलत नाही!”

सगळे हसले. दादाही हसला. पण उठला नाही.

मार्चअखेर बातमी आली की ट्राम बंद होणार. मुंबईत ट्राम १८७४ साली आली ती घोड्यांनी ओढलेली. १९०७ साली ती विजेवर धावू लागली. पुढे एकेक मार्ग बंद होत गेला आणि शेवटी बोरीबंदर ते दादर एवढाच उरला. ३१ मार्च १९६४, मंगळवार, ही शेवटच्या गाडीची रात्र ठरली. चाळीतल्या पुरुषांनी बोरीबंदरला जाऊन त्या गाडीत बसून यायचे ठरवले. वहिनी म्हणाली, मीही येणार. दादा म्हणाला, रात्रीचे उठणे आज तुझ्याकडे आहे, वही पाहा. वहिनीने वही पाहिली आणि सांगितले की गेल्या मंगळवारी तिने त्याच्या वाट्याचे उठणे केले आहे, तेव्हा आजचे त्याच्याकडे. वाद रंगात आला. आणि मग, दोन मुलांचे खेळण्यावरून भांडण मिटते तसे, अचानक मिटले. दोघांच्या नजरा माझ्याकडे वळल्या.

माझी आई त्या वेळी बहिणीच्या बाळंतपणासाठी कल्याणला गेली होती. वडील रात्रपाळीला. कोपऱ्यातल्या आजी लक्ष ठेवणार होत्या. मला बाळूचे वेड होतेच, शिवाय दोघांनी येताना गुलाबी बर्फी आणायचे कबूल केले. दादाने कचेरीतून आल्यावर दूध परत उकळून ठेवायचे होते. ते त्याने घाईघाईने स्टोव्हवर ठेवले आणि कोमट होताच उतरवले. वहिनीने बाटली उकळत्या पाण्यातून काढायची ती नळाखाली विसळली, दूध भरले, ओल्या फडक्यात गुंडाळून मोरीच्या खिडकीत ठेवली. “नऊला पाज गं,” म्हणाली, आणि नव्या चपला घालून दोघे जिना उतरली. लग्नात घालायची अबोली साडी नेसली होती ती. उतरताना दोघे हसत होती.

आता माझे सांगते.

बाळू नऊच्या आधीच रडू लागला. आजी झोपून गेल्या होत्या. मी फडके सोडून बाटली काढली. बोंडले तोंडाशी नेऊन पाहिले तर किंचित आंबूस वास आला. मार्चअखेरचा उकाडा होता. मला वास कळला. तेरा वर्षांच्या मुलीला नासलेल्या दुधाचा वास कळत नाही असे नाही. मी घरात रोज दूध तापवत होते. आजींना उठवता आले असते. तळमजल्यावर कुणाकडे तरी वाटीभर दूध मागता आले असते. पण चाळीतली सगळी पोरे शेवटची ट्राम पाहायला टी.टी.वर धावली होती. बाळू झोपला तर मलाही गॅलरीच्या टोकाला उभे राहून निदान गलका तरी ऐकता येणार होता. मी त्याला ते दूध पाजले. त्याने अर्धे प्यायले, तोंड फिरवले आणि झोपला. उरलेले मी मोरीत ओतले.

गॅलरीच्या टोकावरून काहीच दिसत नव्हते. पण गाडी आली तेव्हाचा कल्लोळ मी ऐकला. हजारो माणसे एकदम ओरडत होती. कुणी आनंदाने ओरडत होते की दुःखाने, ते कळत नव्हते.

दादा-वहिनी आली ती अनवाणी. म्हणजे वहिनी अनवाणी. गाडीत पाय ठेवायला जागा मिळालीच नव्हती. रेटारेटीत तिची एक चप्पल गेली आणि दुसरी तिने तिथेच टाकून दिली. त्याचे दोघांना एवढे हसू येत होते की जिना चढताना थांबावे लागले. बर्फी विसरली होती.

एकच्या सुमारास बाळूला पहिली उलटी झाली. मग जुलाब. भिंतीला भिंत लागून होती, मला सगळे ऐकू येत होते. प्रथम भांडण ऐकू आले. “दूध उकळलं होतं का?” “बाटली कुणी धुतली?” “वहीत बघा कुणाचं काम होतं ते!” मग ते आवाज बंद झाले, आणि ते बंद झाल्यावर मला जास्त भीती वाटली. आजींना उठवले. त्यांनी जायफळ उगाळले, मुरुडशेंग उगाळली, आणि सांगितले, “पाणी देऊ नको हं पोरी, पाण्यानं आणखी होतील.”

इथे थोडे थांबून सांगते, कारण हे वाचणाऱ्या कुणाच्या घरी आजही अशी एखादी आजी असेल. आजींनी सांगितले ते त्या काळी पुष्कळ जण खरे मानत. जुलाबाने मूल दगावते ते अंगातले पाणी आणि क्षार गेल्याने, आणि ते तोंडावाटे परत देता येतात, हे सर्वांच्या गळी उतरायला आणखी बरीच वर्षे लागली. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा फैलावला आणि सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि सोडा घातलेले पाणी रोग्यांना पाजायला लावले आणि माणसे वाचवून दाखवली. आज त्याची पुडी कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. हे थोडे थोडे पाजत राहायचे आणि डॉक्टर गाठायचा. त्या रात्री आमच्या चाळीत हे कुणालाच ठाऊक नव्हते. बाळूच्या जिभेला कोरड पडली होती आणि आम्ही त्याला पाणी देत नव्हतो.

तीनच्या सुमारास दादा नाक्यावरच्या डॉक्टरांना उठवून घेऊन आला. त्यांनी बाळूच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, टाळूवर बोट ठेवले. टाळू खोल गेली होती. “आत्ता परळला न्या,” म्हणाले. दादा टॅक्सी आणायला धावला. वहिनी बाळूला छातीशी धरून जिना उतरली, तीच अबोली साडी, तसेच अनवाणी पाय. जाताना दादाने हाताला लागली ती वही आणि पेन्सील खिशात कोंबली. का, ते त्यालाही सांगता आले नसते.

ती गेल्यावर मी बारा नंबरच्या खोलीत गेले. बाटली मोरीपाशी पडलेली होती. रोज मी ती धुऊन पालथी घालत असे. त्या दिवशी धुतली नाही. का कुणास ठाऊक, ती मला कुणी बघायला नको होती. मी ती लपवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आजींनी पेजेचा डबा देऊन मला परळच्या मुलांच्या इस्पितळात पाठवले. बाळूच्या हाताची शीर सापडली नाही म्हणून डोक्याच्या शिरेतून सलाईन चालू होते, आणि त्यासाठी अर्ध्या डोक्यावरचे केस काढले होते. त्याचे जावळ काढायचा समारंभ व्हायचा राहिला होता. वहिनीने पुण्याच्या सासूबाईंना विचारून दिवस ठरवला होता. ती त्या अर्ध्या उघड्या डोक्याकडे बघत बाकावर बसली होती. तिच्या पायांत दादाच्या मोठाल्या चपला होत्या. दादा भिंतीला टेकून उभा होता, अनवाणी. दोघे एकमेकांशी बोलत नव्हती, पण रुसलेलीही नव्हती. मी रुसवा ओळखत होते. हे निराळे होते.

तेवढ्यात सासूबाई आल्या. तार मिळताच पुण्याहून निघाल्या होत्या. प्रवासाने दमलेल्या, घाबरलेल्या, आणि घाबरलेले माणूस पहिली जी गोष्ट करते ती त्यांनी केली. व्हरांड्यातच उभ्या राहून त्यांनी विचारले, “दूध कुणी पाजलं त्याला?”

माझ्या हातात डबा होता. त्याची कडी वाजू लागली, म्हणून मी तो दोन्ही हातांनी घट्ट धरला.

वहिनी उठून उभी राहिली. “मी पाजलं, आई,” ती म्हणाली. “निघायच्या आधी.”

दादाने तिच्याकडे पाहिले. ती खोटे बोलत होती हे त्याला माहीत होते. नऊला पाज, असे तिने मला सांगितले तेव्हा तो शेजारीच चपला घालत होता. काल रात्री एक वाजता याच दोघांनी ‘कुणाचे काम होते’ म्हणून वही उघडायला सांगितली होती. आता वही त्याच्या खिशात होती.

तो म्हणाला, “दूध मी तापवलं होतं. उकळायचं होतं, नीट उकळलं नाही. हिची चूक नाही, आई.”

“बाटलीही मीच धुतली होती,” वहिनी म्हणाली, “गार पाण्यानं.”

“आणि या पोरीपाशी ठेवून गेला होतात ना त्याला?” सासूबाईंनी माझ्याकडे बोट केले.

“बेबीनं नुसतं झोपवलं हो त्याला,” वहिनी म्हणाली. “तिचा काय संबंध!” आणि माझ्या हातातला डबा घेऊन तिने तो बाकावर ठेवला.

सासूबाई पुढे पुष्कळ बोलल्या. ट्राम, साडी, आजकालच्या मुली, सगळे निघाले. दोघांनी खाली मान घालून ऐकले. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याकडे बोट केले नाही. मी घरी आले ती चालत आले आणि चाळीच्या जिन्यात बसून रडले.

बाळू वाचला. पाचव्या दिवशी घरी आला, अर्ध्या डोक्याने. राहिलेले जावळ सासूबाईंनी रीतसर काढवले.

नंतर दोघे एकदम शहाणी झाली असे मी म्हणणार नाही. भांडणे चालूच राहिली. चाळीला त्यांची सवय होती. वहिनीची पोळी पुढेही जळत असे. दादाचा कॅरम चालू राहिला, मात्र नऊ वाजले की तो हातातला स्ट्रायकर ठेवून उठे आणि स्टोव्हवर बाटली उकळायला ठेवी. कुणी चेष्टा केली तर उत्तर देत नसे. वहीवर खुणा करताना मात्र मी त्यांना पुन्हा पाहिले नाही. मे महिन्यात पंडितजी गेले त्या दिवशी सारी चाळ रेडिओभोवती जमली होती, आणि दादा बाळूला खांद्यावर घेऊन सर्वांच्या मागे उभा राहून ऐकत होता, एवढे मला स्वच्छ आठवते. पुढे त्यांना मुलगी झाली. मी लग्न होऊन पुण्याला गेले. चाळ पाडून तिथे उंच इमारत झाली. बाळूला आज स्वतःची नातवंडे आहेत. दादा १४ वर्षांपूर्वी गेला.

गेल्या श्रावणात मी डोंबिवलीला वहिनीकडे गेले होते. ऐंशी पार केली आहे, पण चष्मा लावून कादंबऱ्या वाचते. लेकीने माळ्यावरची ट्रंक काढली होती, कागद निवडायचे चालले होते. त्यात ती वही निघाली. कोपरे उंदरांनी खाल्लेले.

मी पाने उलटली. डिसेंबर, जानेवारी, फेब्रुवारी. फुल्या आणि टिंबे. मद्रास कसोटीच्या रविवारी दुपट्यांच्या रकान्यात टिंब होते आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘एकवीस निर्धाव’ असे लिहिले होते. ३१ मार्चच्या पुढे रकाना मोकळा. पुढच्या पानावर रकानेच नव्हते. पेन्सिलीने ओळीखाली ओळी लिहिल्या होत्या. ‘पहाटे ५ सलाईन लावले.’ ‘६ उलटी.’ ‘७।। जुलाब, पाण्यासारखे.’ ‘९ डोळे उघडले.’ ‘११ लघवी झाली.’ ही शेवटची ओळ दोनदा लिहिली होती. एकदा दादाच्या अक्षरात, एकदा वहिनीच्या. पुढे पाने भरून तसेच. एक ओळ त्याची, तीन तिच्या, पुन्हा दोन त्याच्या. कुणाच्या किती ते मोजलेले नव्हते.

लेक चहा टाकायला आत गेली. मला काय झाले कोण जाणे. साठ वर्षे जे आईलाही सांगितले नाही ते तोंडातून निघाले. “वहिनी,” मी म्हटले, “त्या रात्री बाटलीला वास येत होता. मला आला होता. मी तशीच पाजली.”

वहिनीने वही माझ्या हातातून घेतली, मिटली आणि ट्रंकेत परत ठेवली.

“ठाऊक आहे गं,” ती म्हणाली. “इस्पितळातून आल्यावर पिठाच्या डब्यामागे बाटली सापडली मला. तू रोज धुऊन पालथी घालायचीस ना!”

आणि आत लेकीला हाक मारून तिने सांगितले, “बेबीच्या चहात साखर कमी टाक हं, तिला चालत नाही.”